स्क्रूखालचा रंग

आजही कुठल्याही धातूच्या वस्तूला हात लावताना मी आधी बोटांची मागची बाजू टेकवून बघतो. फ्रिज, गीझरचा नळ, ऑफिसातलं कपाट. तळहाताने धरलं आणि त्यात करंट असला तर मूठ आवळते आणि सुटत नाही. मागच्या बाजूने लागला तर हात आपोआप मागे येतो. हे मला पीण्या या बंगळूरच्या कारखान्यांच्या भागात पत्र्याचं काम करणाऱ्या एका माणसाने शिकवलं. त्याने मला आणखी एक गोष्ट बजावून सांगितली होती. ती मी ऐकली नाही.

मुलगी आर्किटेक्चरला गेली तेव्हा तिला चांगला ताकदीचा डेस्कटॉप हवा होता. आतले भाग आम्ही दोघांनी मिळून निवडले. पण दुकानातल्या काचेच्या, सात रंगांत लुकलुकणाऱ्या पेट्या बघून तिने नाक मुरडलं.

"बाबा, ही वरातीतली गाडी आहे. माझ्या खोलीत नको."

"मग आपणच बनवू या पेटी," मी म्हणालो.

का म्हणालो, ते मला नीट माहीत आहे. ती एकोणीस वर्षांची झाली होती आणि माझ्याशी बोलणं दोन-चार वाक्यांवर आलं होतं. मी पुण्याहून बंगळूरला आलो त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो. दुसऱ्यांनी केलेल्यातल्या चुका शोधतो, स्वतः हाताने काही बनवलेलं नव्हतं. मला वाटलं, हे बनवताना ती माझ्याजवळ बसेल. आणि ती बसली.

आमच्या जे. पी. नगरच्या भाड्याच्या घरासमोर होंगेचं झाड आहे, आपल्याकडे त्याला करंज म्हणतात. त्याच्या पानांची नक्षी तिने कागदावर काढली. ती नक्षी आम्ही पितळेच्या पत्र्यावर चिकटवली आणि केसासारख्या बारीक करवतीने एकेक पान कापून काढलं. एका पानाला करवतीची पाती तीन-चार तरी मोडायची. ही जाळी पेटीच्या पुढच्या बाजूला बसवायची, मागे दिवे, म्हणजे पानांतून उजेड पाझरेल, अशी कल्पना. पितळेचा चुरा घरभर झाला. बायको म्हणायची, "बापलेकींनो, पोळीत पितळ यायला लागलंय. उद्या डब्यातून सोनं निघेल."

पेटीचा पत्रा मात्र वाकवून, रंग भट्टीत भाजून घ्यायला लागणार होता. ऑफिसातल्या कुणीतरी पीण्यातला हा कारागीर सांगितला. निपाणीकडचा, पन्नाशीचा माणूस. सगळे त्याला अण्णा म्हणत, मीही म्हणू लागलो. चित्र बघून तो हसला.

"साहेब, कॉम्प्युटर करालाय का देव्हारा?"

पण काम त्याने देखणं केलं. गडद हिरवा रंग, विड्याच्या पानासारखा तुकतुकीत. पुढचं पॅनेल वेगळं होतं, ते चार स्क्रूंनी सांगाड्याला लागायचं आणि त्यालाच पितळेची जाळी. सगळं कागदात गुंडाळताना अण्णाने बोट ठेवून दाखवलं.

"ह्या चार भोकांभोवतीचा रंग खरवडून घ्या बघा. पत्र्याला पत्रा लागायला पाहिजे. भाजलेल्या रंगातनं अर्थिंग जात नाही. रंगाला माणूस भुलतंय, करंट भुलत नाही."

"सरी, अण्णा," मी कानडीत होकार दिला.

घरी आल्यावर कानस घेऊन बसलोही. पहिल्याच घासेला स्क्रूच्या कडेबाहेर रंगाचा एक टवका उडाला. पांढरा, नखाएवढा. मला तो सहन झाला नाही. मी टवक्यावर मुलीच्या रंगांच्या डब्यातला हिरवा रंग लावला आणि चारही स्क्रू रंगावरूनच आवळून टाकले. मुलगी तेव्हा शेजारीच होती, जाळी पुसत. तिने विचारलं, "झालं?" मी म्हणालो, "झालं."

दुसरी चूक दिव्यांची. कॉम्प्युटरसाठी बारा व्होल्टच्या पट्ट्या मिळतात. त्या लावून बघितल्या. उजेड निळसर आणि जाळीमागे अगदी मरतुकडा. जयनगरच्या एका दुकानात दिवाळीत गॅलरीला लावतात तसली पट्टी दिसली, समईच्या ज्योतीसारखा पिवळा उजेड. "अडॅप्टर बेडा सर, डायरेक्ट," दुकानदार म्हणाला. म्हणजे अडॅप्टर नको, थेट घरातल्या विजेवर चालणारी. मी हवी तेवढी कापून घेतली, पॅनेलच्या आत चिकटवली आणि तिची वायर पेटीच्या मागे कॉम्प्युटरच्याच प्लगला जोडली.

पहिल्यांदा दिवे लागले तेव्हा मुलीने टाळ्या वाजवल्या. भिंतीवर होंगेची पानं पडली होती. मी फोटो काढून हौशी लोकांच्या एका ग्रुपवर टाकले. तिथे कौतुकाचा पाऊस पडला. एकाने विचारलं, अर्थिंग नीट केलंय ना? मी त्याला होकाराचा अंगठा टाकला.

चार दिवसांनी मुलगी म्हणाली, "बाबा, जाळीला हात लागला की मुंग्या येतात."

त्या क्षणी मला ते चार स्क्रू आठवले. हे मी लपवणार नाही. आठवले, आणि तरी मी म्हणालो, "स्टॅटिक असेल. हवा कोरडी आहे सध्या."

"नक्की?"

"अगं, सगळ्याच कॉम्प्युटरला असतं स्वल्प."

ती कॉलेजला गेल्यावर मी टेस्टर घेऊन तिच्या खोलीत गेलो. जाळीला टेकवला. आतला दिवा लागला. मिणमिणता, नारिंगी. मी टेस्टर काढला, पुन्हा लावला. पुन्हा लागला. पॅनेल उघडायचं तर जाळीचा चिकटवलेला काठ उचकटावा लागणार, तो वाकणार. तिची सबमिशन होती. आणि उघडलं की ती विचारणार, का उघडलं? मी ठरवलं, शनिवारी उघडू. निदान भिंतीवरचं बटण तरी बंद करायचं! तेही केलं नाही. केलं असतं तर का केलं ते सांगावं लागलं असतं.

तेवढ्या दिवसांत ती त्या टेबलाशी बसली की मी दारातून डोकवायचो. पाय कुठे आहेत, चपला घातल्यात का, हात ओले नाहीत ना. चहा मीच नेऊन द्यायचो आणि कप जाळीपासून लांब ठेवायचो. ती म्हणाली, "बाबा, एवढे लाड का चाललेत माझे?"

शुक्रवारी सकाळी मी बाहेरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगवर होतो. मुलगी कॉलेजला निघायच्या तयारीत. आत वाटी पडल्याचा आवाज आला, आणि मग काहीतरी जड पडल्याचा. ओरडणं नाही. ते नसणं मला अजून ऐकू येतं.

मुलीच्या खोलीत बायको पलंगाच्या कडेशी बसल्यासारखी पडली होती. डोळे उघडे, तोंडातून शब्द नाही. फरशी नुकतीच पुसलेली, तिचे पाय अनवाणी. शेजारी वाटी कलंडलेली आणि चिंचेचा कोळ सांडलेला. आमच्या घरात पितळ काळवंडलं की त्याला चिंच लागते. देवाची भांडी असोत की दाराची कडी. जाळी मुलीच्या बोटांच्या डागांनी काळी पडली होती. कॉम्प्युटर बंद होता, नुसते दिवे लागलेले. बायकोने चिंच घेतली आणि ती घासायला बसली. मी पितळेची वस्तू घरात आणली, आणि माझ्याच घरात पितळेचं काय करतात हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. परत आलो तेव्हा मुलगी तिला हाक मारत होती, आणि बायको म्हणाली, "हात... हात बघ माझा." बोलली.

हॉस्पिटलात ईसीजी काढला. ठोके ठीक होते, पण संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. उजव्या हाताची दोन बोटं टोकाला भाजली होती. बाहेरच्या बाकावर मुलगी माझ्याजवळ बसली.

"बाबा, माझ्यामुळे झालं. काल टॅब्लेट चार्ज करायचा होता म्हणून मी पीसीचा प्लग काढून एक्स्टेन्शनवर लावला. ते एक्स्टेन्शन लूज आहे. मला माहीत होतं."

एक्स्टेन्शनचा काही संबंध नव्हता. ते एका वाक्यात सांगता आलं असतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "असू दे. होतं असं. आई बरी आहे ना."

मी तिला माफ केलं. माझ्या चुकीबद्दल.

त्यानंतर ती बटणांना हात लावेनाशी झाली. दिवा लावायचा तर लाकडी पट्टीने दाबायची. मिक्सर चालू असला तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबायची. मॉडेल बनवायला कॉलेजात गरम तारेने थर्मोकोल कापतात. ते काम तिने मैत्रिणीला दिलं. मोबाइल चार्जिंगला मला लावायला सांगायची आणि मी लावेपर्यंत दोन पावलं मागे उभी राहायची. एकदा आईची बोटं हातात घेऊन म्हणाली, "सॉरी, आई," आणि आई म्हणाली, "किती वेळा म्हणशील?" मी वर्तमानपत्र उघडून बसलो होतो.

पॅनेल मी अपघातानंतर लगेचच, मुलगी घरी नसताना, उघडून पाहिलं होतं. पट्टीचं कापलेलं टोक कोपऱ्यात पत्र्याला घासून उघडं पडलं होतं. एवढंच. आणि स्क्रू काढले तर चारही भोकांभोवती हिरवा रंग, तुकतुकीत, जसाच्या तसा.

मी पॅनेल पोत्यात भरून पीण्याला नेलं. अण्णाला म्हणालो, भंगारात टाका. खरं म्हणजे मला ते नाहीसं व्हायला हवं होतं.

त्याने ते उजेडात धरलं. भोकावरून अंगठा फिरवला.

"रंग खरवडला नाहीसा तुम्ही."

मी रिकाम्या पोत्याची घडी घालायला लागलो.

"कुणाला बसला?"

"बायकोला. बरी आहे आता."

"पोरगीला ठाऊक हाय?"

"तिला वाटतं तिच्यामुळे झालं."

अण्णाने पॅनेल परत पोत्यात घातलं आणि पोतं माझ्या हातात दिलं. "हे माझ्याकडं नको. घरी न्या साहेब. तिला दाखवा." मग माझ्याकडे न बघता त्याने मशीन सुरू केलं.

मी जेवणाच्या टेबलावर पोतं उघडलं. दोघी समोर होत्या. स्क्रूची भोकं दाखवली, टवक्यावरचा रंग नखाने खरवडून दाखवला. अण्णाचं सांगणं, टेस्टरचा दिवा, शनिवारचं ठरवणं, सगळं सांगितलं. बायकोने मध्येच पाण्याचा ग्लास पुढे केला, भाजलेल्या हातानेच. ती एवढंच म्हणाली, "शुक्रवारच्या आधीच तुला माहीत होतं."

"हो."

मुलीने पॅनेल स्वतःकडे ओढलं.

"मी तुला सांगितलं होतं ना, मुंग्या येतात म्हणून. तू स्टॅटिक म्हणालास. मी परत हात लावून बघितला होता, बाबा. तीनदा. प्रत्येक वेळी मला वाटलं, तुला कळतं, म्हणजे स्टॅटिकच असणार."

तीनदा.

मुलीची लाकडी पट्टी हळूहळू सुटली. तिने टेस्टर वापरायला शिकून घेतला, माझ्याकडून नाही, अण्णाकडून. मी फक्त तिला पीण्याला सोडून आलो. कॉम्प्युटर आता साध्या काळ्या पेटीत आहे. आणि घरात मी काहीही दुरुस्त केलं, इस्त्री असो की बेल, की ती वापरण्याआधी टेस्टर आणते. माझ्यासमोरच लावते. मी बाजूला उभा असतो आणि टेस्टरमधल्या काचेच्या नळीकडे बघत राहतो. ती "ठीक आहे" म्हणेपर्यंत माझा श्वास सुटत नाही.