गोमाजीची लाँच

प्रजासत्ताक दिनाला पाच दिवस उरले होते. कोंडाजी लाँच घेऊन कशेळ्याला आत्याकडे गेला, तेव्हा काम संपलं असं त्याने धरलं होतं.

लाँच म्हणजे नमुना, अठ्ठावीस इंचांचा. मूळची एकशे बारा फूट. फुटाला पाव इंच धरलं होतं. दुसऱ्या महायुद्धात अशा लाँच ब्रह्मदेशाच्या खाड्यांतून गस्त घालत, आणि त्यांतल्या एकीच्या इंजिनखोलीत कोंडाजीचा बाप गोमाजी होता. त्यांच्या मूळ गावच्या शाळेत काचेचं कपाट आलं होतं. गावातून फौजेत, नौदलात गेलेल्यांच्या वस्तू त्यात ठेवायच्या होत्या. गोमाजी सगळ्यांत जुना, म्हणून वरचा कप्पा त्याचा.

कोंडाजीने खोपोलीकडच्या कारखान्यात एकतीस वर्षं लोखंडी टाक्या वेल्ड केल्या होत्या. निवृत्त होऊन दहिवलीत घर बांधलं, तरी मागच्या शेडमध्ये तो रोज आठ तास भरायचाच. ही लाँच सात महिन्यांची.

सुंदराआत्या नव्वदीच्या पुढची. डोळे गेलेले. त्याने लाँच तिच्या मांडीवर ठेवली.

"हाताने बघ, आत्या."

तिने नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरवला. "गार हाय रं."

"पत्रा हाय. रिवेट लागतात ना हाताला? तीन हजार सहाशे. एकेक आतून पंच मारून उठवलाय."

"पत्र्याची कशाला केलीस?"

"मग कशाची करायची?"

"लाकडाची होती. गोमादादा सांगायचा. लाट आपटली का फळ्या करकरायच्या. झोप लागायची नाय."

कोंडाजी हसला. "लढाईची लाँच लाकडाची कशी आसंल गं? गोळी लागली तर?"

"आरपार जायची." आत्याने लाँच त्याच्याकडे सरकवली. "तुला पत्र्याबिगर काय दिसतं का? देव भेटला तरी आधी इचारशील, किती गेजचा पत्रा."

परतताना जीपमध्ये कोंडाजीला बसवत नव्हतं. म्हातारीला विसर पडला असेल, असं त्याने दोनदा मनाशी म्हटलं. पण आत्याला विसर पडत नाही, हे त्याला माहीत होतं.

घरी आल्या आल्या त्याने नकाशा काढला. सून सुप्रिया कर्जतला नर्स. लाँचचा इंग्रजी नकाशा तिनेच मोबाइलवर शोधून छापून आणला होता. ती ड्यूटीवर निघत होती. त्याने तिला दारातच थांबवलं.

"यातला मजकूर वाच."

सुप्रियाने चप्पल काढली आणि उभ्या उभ्याच वाचू लागली. "सगळं अंग लाकडी. फळ्यांचे दोन थर, एकमेकांवर तिरपे. इंजिनं दोन, पेट्रोलची. पोटात पेट्रोलच्या टाक्या." तिने वर पाहिलं. "बाबा, तुम्ही पत्र्याची..."

"तवा का नाय सांगितलंस?"

"तुम्हीच म्हणालात, मापं तेवढी दाखव, बाकीचं मला कळतं."

तो तसं म्हणाला होता. नकाशावर तिरप्या रेषा होत्या, त्या त्याने पत्र्याचे जोड धरल्या. आधी नकाशा पूर्ण वाचायचा, मगच हत्याराला हात लावायचा, हे त्याने एकतीस वर्षांत कितीतरी नव्या पोरांना दरडावून सांगितलं होतं.

सुप्रिया गेली. कोंडाजी शेडमध्ये बसून राहिला. लाकूड आणि पेट्रोल.

गोमाजी लढाईवरून आला तो आगीला भ्यायला लागला. घरात चूल ठेवली नाही, पडवीच्या बाहेर काढली. कोणी बिडी पेटवली की उठून जायचा. होळीला पहाटेच शेतावर निघायचा, तो दुसऱ्या दिवशी परतायचा. गावाने त्याचं नाव काडीपेटी पाडलं. गावातली पोरं त्याच्या पाठीमागे काड्यांची डबी खुळखुळवायची. कोंडाजी आठ वर्षांचा असताना त्यानेही एकदा खुळखुळवली होती. बापाने वळून पाहिलं होतं.

आता त्याच गावात, बापाच्या नावाखाली, लोखंडाची लाँच ठेवायची. लोक बघणार आणि म्हणणार, एवढ्या लोखंडात बसून हा काडीला भ्याला.

चार दिवस होते. दुसऱ्या दिवशी तो दुपारच्या आत लोधिवलीच्या सुताराकडे जाऊन आला. प्लायचा तुकडा आणि विनिअरच्या पातळ लाकडी पट्ट्या आणल्या. प्लायच्या फासळ्या पहिल्या दिवशीच कापून झाल्या, कारण ते मापाचं काम होतं. पट्ट्यांनी मात्र त्याला रडवलं. पत्रा वाकवला की वाकलेला राहतो. पट्टी वाकवली की परत उसळते, जोर केला की चिरते. पहिल्या विसांतल्या अकरा चिरल्या. मग सुताराला फोन केला, आणि तो म्हणाला, पाण्यात भिजव आणि घाई करू नको. घाई करू नको म्हणायला त्याचं काय जात होतं? भिजवलेली पट्टी वाकली, पण ओल्या लाकडावर गोंद लवकर धरेना. त्यात जानेवारीची थंडी. एरवी अर्ध्या तासात धरणारा गोंद दीड तास घ्यायचा. एक पट्टी, दीड तास. कोंडाजी हिशेब करायचा आणि पुन्हा करायचा. बेरीज बदलत नव्हती.

रात्रीही तो शेडमध्ये पट्टी दाबून बसायचा. सुप्रिया म्हणाली, "बाबा, थोडं पडा." तो म्हणाला, "पडलो तर पट्टी कोण धरील?"

पंचवीस तारखेला दुपारी गावच्या ग्रामपंचायतीचा शिपाई गजा लाँच न्यायला आला. एक बाजू पट्ट्यांनी भरली होती. दुसऱ्या बाजूला नुसत्या फासळ्या. फळीवर पत्र्याची लाँच रंग देऊन चकचकीत उभी होती.

"काका, ही कसली झाक हाय! हीच न्यू ना?" गजाने पत्र्याच्या लाँचला हात घातला.

"ती ठेव खाली."

"आन् न्यायची कुठली? ही? ही तर अर्धी हाय."

"अर्धीच जाईल. उद्या सकाळी मी सोता आणतो."

"लोक हसतील, काका. आधीच माझा आजा सांगायचा, काडीपेटी..." गजा थांबला.

"पुरं बोल."

"काय नाय."

"कपाटातलं कार्ड तू लिहिणार ना? मग लिही. लाकडी मोटर लाँच, पेट्रोलवर चालणारी. गोमाजी इंजिनखोलीत होता. आन् खाली लिही, काम अर्धं हाय, चूक मुलाची."

गजाने मोबाइलमध्ये टिपून घेतलं. जाताना म्हणाला, "पेट्रोल? लाकडात?"

"लाकडात."

गजाने अर्ध्या लाँचकडे वळून पाहिलं. मग गेला.

सव्वीसला सकाळी निघायच्या आधी कोंडाजीने एक पट्टी जास्त लावली. लावायला नको होती. नाकाजवळची, सगळ्यांत वाकडी. वाटलं, वाटेत धरेल. जीपच्या प्रत्येक हादऱ्याला तिचं टोक उसळत होतं. त्याने अंगठा दाबला तो काढला नाही. शाळेत पोचला तेव्हा झेंड्याची दोरी हातात घेऊन गुरुजी उभे होते. लाँच कपाटात ठेवायला वेळच नव्हता. तो तसाच रांगेत जाऊन उभा राहिला.

शेजारी पोशा होता, बापाला पाहिलेल्यांपैकी उरलेला. तो वाकून फासळ्यांतून आत बघत होता.

"आत काय असायचं?"

"पेट्रोल. आन् बा."

पोशाने मान वर केली नाही.

झेंडा वर गेला. सगळ्यांचे हात कपाळाला गेले. कोंडाजीला हात उचलता येईना. एका हातावर लाँच, दुसऱ्याचा अंगठा पट्टीवर. समोरून कोणीतरी त्याच्याकडे रोखून पाहिलं. त्याचे कान तापले, तरी अंगठा त्याने हलवला नाही.

राष्ट्रगीत संपलं. गोंद धरायला अजून वीस मिनिटं हवी होती. लोक कपाटाकडे निघाले. कोंडाजी जागेवरच थांबला.