तोंडं किती, राती किती?

पोलादपुरात चंद्राकाकीच्या दाराशी बैलगाडी थांबली की ती पाहुण्याला या-बसा म्हणत नसे. आधी विचारी, "तोंडं किती, राती किती?" तेवढ्यावरून लाकडं किती रचायची आणि पाणी किती भरायचं ते तिला कळे. नाव, गाव, जात यांची चौकशी तिने कधी केली नाही.

महाबळेश्वरच्या वाटेवर साहेबांना बंगला होता आणि बाकीच्यांना देवळाची ओसरी. या दोहोंच्या मधली सोय म्हणजे काकीच्या तीन खोल्या. प्रत्येक खोलीत वेगळी चूल, पितळेची भांडी, पोळपाट, भरलेला हंडा. आपली माणसं दुसऱ्याच्या हातचं खायला कचरतात, म्हणून ज्याने त्याने आपलं रांधून खावं, अशी तिची रीत. "चूल तुमची, खरकटं तुमचं, झाडू माझा," असं ती म्हणे. मी मोजणी खात्यातला कारकून. महाडहून कामाला गेलो आणि सबंध हिवाळा तिच्याकडे काढला. माझा भात लागला की ती उंबऱ्याबाहेरून म्हणायची, "भाऊ, लगीन करा, नायतर जाळ तरी कमी करा."

नवऱ्यामागे तिचं पोट या खोल्यांवरच होतं, आणि तिच्या दिराचा, धोंडूचा, डोळाही त्यांच्यावरच होता.

एके दिवशी लष्करातून निवृत्त झालेला एक जमादार तापाने फणफणलेल्या बायकोला घेऊन दारात उतरला. गडी सरळ होता. म्हणाला, "बाय, मी महार हाय. आदी सांगतो."

"मी इचारलं काय रे? तोंडं किती ती सांग."

ती दोघं दोन राती राहिली. जमादाराने बायकोला पेज करून घातली, चूल सारवली, भांडी लख्ख घासून पालथी घातली. इतकी स्वच्छ खोली माझ्यासकट कुणी सोडली नव्हती.

ती गेल्यावर धोंडू चार पंचांना घेऊन आला. "वयनी, चूल बाटली. ती फोडायची, भांडी सावित्रीत टाकायची, गावाला जेवन घालायचं."

काकी जागची हलली नाही. "भावजी, बामन उतरला तवा त्यानं आपलं आपुन शिजवलं. ह्यानं बी तेच केलं. तवा चूल बाटली नाय, ती आताच कशी बाटली? आनि भांडी नदीत टाकते की. मंग उद्यापासून तुमी पानी कुठलं पिनार?"

उत्तर नसलं की आपल्याकडे बहिष्कार घालतात, तसा पंचांनी घातला. धोंडू नाक्यावर उभा राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला तिच्या घराविषयी सांगू लागला. महाडचे शिकलेसवरलेले वकील, मास्तर निमूट देवळाच्या ओसरीवर डास मारत निजू लागले. एकालाही वाटलं नाही की चार पावलं पुढे जावं. मी पंचांशी भांडलो, तर त्यांनी माझ्या साहेबाकडे कागाळी केली आणि माझी बदली झाली. काकी मला म्हणाली, "भाऊ, तुमी जा. मी काय पाप केलं नाय, मी कुनाच्या पाया पडायची नाय."

पावसाळ्यापर्यंत तिने तग धरला. मग वडिलोपार्जित घर म्हणून धोंडूने ते ताब्यात घेतलं, आणि एका गाठोड्यानिशी ती नाते गावी भावाकडे गेली. तिथेच ती वारली. एवढी ताठ बाई भावजयीच्या दारात आश्रित म्हणून मेली, हे आठवलं की आजही माझं रक्त उसळतं.

पुढे कामानिमित्त मी पोलादपुरात उतरलो. त्याच तीन खोल्या आता धोंडू चालवत होता आणि उतारूंची रीघ लागली होती. त्याने मला जमादाराचीच खोली दिली. चूल तीच होती, फोडलेली नव्हती. तपेलं उचललं तर काठावर नाव कोरलेलं दिसलं, 'चंद्राबाई'.

"धोंडू, ही तर बाटलेली भांडी ना?" मी विचारलं.

तो जराही शरमला नाही. "पितळ हाय साहेब. घासलं की झालं."

मी तपेलं पालथं घातलं आणि वळकटी उचलून बाहेर पडलो.