एकशे त्र्याण्णवावं पान

वाचनालयाच्या जिन्याखाली एक खोली आहे. तिला खिडकी नाही. दार आहे, पण ते अर्धंच उघडतं, कारण मागे पुठ्ठ्यांची चळत रचलेली असते. या खोलीत बावीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवत बसलेल्या बाइंडरला सगळे डिंककाका म्हणत. वास्तविक ते डिंक वापरतच नसत. ते खळ वापरत, रोज सकाळी स्वतः शिजवून. सुरुवातीची दोन वर्षं त्यांनी हे प्रत्येकाला समजावून सांगितलं. त्याचा परिणाम एवढाच झाला, की जे तोवर डिंककाका म्हणत नव्हते तेही म्हणायला लागले.

अशा माणसाने आपली पुस्तकं शिवावीत आणि गप्प बसावं की नाही? पण काका परीक्षणं लिहीत. तीही कथा-चरित्रांची नाही, तर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेल्या डिस्टोपियन कादंबऱ्यांची. म्हणजे जग बुडून गेलंय, उरलेल्यांवर कुणीतरी दुष्ट मंडळ राज्य करतंय आणि एक सोळा वर्षांची पोरगी ते उलथवायला निघालीय, अशा पुस्तकांची.

याचं कारण घरात होतं. काकांची मुलगी लहान असताना याच खोलीत, याच टेबलाखाली बसून पुठ्ठ्याच्या तुकड्यांची घरं बांधायची आणि दिवसभर तिची टकळी चालू असायची. तेराव्या वर्षी ती घरातल्या आतल्या खोलीत गेली, दार लावलं, आणि त्यानंतर मुख्यतः जेवायला बाहेर यायची. काहीही विचारलं की उत्तर ‘हं’. काकांनी दोन वर्षं अभ्यास करून या ‘हं’चे चार प्रकार शोधून काढले होते. पैकी एकाही प्रकारानंतर बोलणं पुढे जात नसे.

दार किंचित उघडं असताना ती काय वाचते ते काकांनी एकदा पाहिलं. त्यांच्या टेबलावर सगळ्यात जास्त येणारी तीच पुस्तकं होती. थोरांची चरित्रं वाचनालयात वीस वीस वर्षं कोरी करकरीत राहत, आणि ही बुडालेली जगं आठ महिन्यांत खिळखिळी होऊन खाली येत. आपणही ती वाचली तर लेकीशी बोलायला काहीतरी विषय मिळेल, असा साधा हिशेब काकांनी केला.

बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि तिला सगळं स्वच्छ दिसायचं. ती म्हणाली, “अहो, तिला जे विचारायचं ते सरळ विचारा ना. मध्ये जगाचा अंत कशाला घालताय?”

पण काका ऐकतात कसले! वाचनालयाचं दोन पानी मासिक पत्रक निघायचं, त्यात ग्रंथपाल बाईंना दर महिन्याला अर्धं पान भरायला काही मिळत नसे. काकांनी ते मागून घेतलं. त्यांच्या अंदाजाने त्यांचे एकूण वाचक अकरा होते, आणि त्यात मुद्रितं तपासणाऱ्या ग्रंथपाल बाई आणि ते स्वतः धरलेले होते. लेक त्यात नव्हती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

समीक्षक म्हणून काकांची पद्धत अशी, की ती ऐकून कुठल्याही प्राध्यापकाने डोक्याला हात लावावा. पुस्तक उसवलं की त्याचे सोळा सोळा पानांचे फर्मे सुटे होतात. काका हाताशी येईल तो फर्मा वाचत. त्यामुळे कोण मेलं हे त्यांना आधी कळायचं आणि ते मुळात कोण होतं हे नंतर. शिवाय पानांच्या अवस्थेवरून ते निकाल देत. कणा जिथे मोडलाय तिथे वाचक अडकलाय, कोपरा दुमडलाय तिथे त्याला कुणीतरी जेवायला हाक मारलीय, आणि पानं कोरी आहेत तिथे निसर्गवर्णन आहे.

एका बाबतीत मात्र त्यांचं मन खरोखर दुखायचं. या कादंबऱ्यांत आई निदान चाळिसाव्या पानापर्यंत टिकते. बाप चौथ्या पानावर जातो. कधी खाणीत, कधी तुरुंगात, आणि एकदा तर नुसत्या ‘वडील नव्हते’ या दोन शब्दांत त्याची वाट लावलेली होती. म्हणून काकांच्या प्रत्येक परीक्षणाचं शेवटचं वाक्य ठरलेलं असे: “याही पुस्तकात वडील चौथ्या पानावर वारले. या लेखकांना वडिलांचं एवढं काय वावडं आहे?”

मग ते घुमटाचं पुस्तक आलं.

त्यातली नायिका काचेच्या प्रचंड घुमटाखालच्या शहरात राहते. तिथे कुणाला नावं नाहीत, नंबर आहेत. हिचा नंबर सतरा. घुमटाबाहेर काहीच नाही असं मंडळ सांगतं. एकशे ब्याण्णवाव्या पानावर सतरा काचेला कान लावते आणि तिला पलीकडून कसलासा आवाज येतो. पान उलटावं, तर एकशे त्र्याण्णवाव्या पानावर थेट उघडा समुद्र! होडीत नायिका आणि तिची धाकटी बहीण, दोघी वल्ही मारतायत, आणि नायिकेचा नंबर आता एकाहत्तर.

काका हरखून गेले. त्यांनी अर्ध्याच्या ऐवजी पूर्ण पान मागितलं आणि लिहिलं: “घुमट कसा फुटला हे लेखकाने सांगितलेलंच नाही. इतका धीट लेखक माझ्या पाहण्यात नाही. तो घुमट वाचकाने स्वतः फोडायचा आहे! आणि सतराची एकाहत्तर होते यात केवढा अर्थ भरलाय! माणूस मुक्त झाला की तो आतून पार उलटापालटा होतो, हे दोन आकड्यांत सांगायला प्रतिभाच हवी.”

या परीक्षणाने कमाल केली. घुमटासाठी तेवीस जणांची यादी लागली. देवघेवीच्या टेबलाशी वाद व्हायला लागले. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी आकड्यांच्या अर्थावर पत्रकाला दोन पानी पत्र पाठवलं. पण काकांच्या लेखी खरी गोष्ट वेगळीच होती. एकदा जेवताना लेक ताटातून मान वर न करता म्हणाली, “बाबा, तो घुमटाचा लेख तू लिहिलास?”

“हो.”

“बरा आहे.”

काकांचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी ती भांडी पुसायला त्यांच्या शेजारी उभी राहू लागली. तिने पुस्तक दोनदा वाचलं होतं. तिला एकच छंद लागला होता: घुमट फुटला कसा?

“मला वाटतं आतूनच कुणीतरी फोडला,” ती म्हणायची.

“कशावरून?”

“तूच लिहिलंस ना, वाचकाने फोडायचा म्हणून? मग फोडतेय.”

असे तीन आठवडे गेले. काका भांडी मुद्दाम सावकाश घासत होते. ग्रंथपाल बाईंनी रविवारी वाचकांची सभा ठेवली. विषय घुमट, वक्ते डिंककाका. लेक आपण होऊन म्हणाली, “मी येणार आहे.”

आणि सभेच्या तीन दिवस आधी, गुरुवारी, टेबलावर एक दुसरं पुस्तक येऊन पडलं. त्याला ग्रंथपाल बाईंची चिठ्ठी होती: “वाचक म्हणतात, हे मधूनच बिघडलंय. बघावं.” काकांनी उघडलं. नायिकेचा नंबर एकाहत्तर, राहायला होडीवर, चहूकडे समुद्र. काकांना वाटलं, चोरलं लेकाच्याने! तावातावाने पानं उलटत ते एकशे त्र्याण्णवाव्या पानावर आले. तिथे समुद्र गायब होता आणि घुमट सुरू झाला होता. सतरा काचेला कान लावून उभी होती.

तेवढ्यात त्यांची नजर शिवणीवर गेली. दोरा हिरवा होता. दोन महिन्यांपूर्वी पांढरा दोरा संपला म्हणून आठवडाभर त्यांनी हिरवा वापरला होता, आणि त्या आठवड्यात ही दोन्ही पुस्तकं एकाच टेबलावर उसवून पडली होती. प्रकाशक एक, माप एक, टाइप एक. बाराव्या फर्म्यापर्यंत सगळं ठीक, तेराव्यापासून अदलाबदल. आता तेव्हा साहेब शिवता शिवता वाचत होते ना! म्हणजे ज्या प्रतिभेपुढे काकांनी लोटांगण घातलं होतं ती त्यांच्या स्वतःच्या धांदरटपणाची होती. शिवण मात्र सुरेख होती, हेही त्यांच्या लक्षात आल्याशिवाय राहिलं नाही.

लोक हसतील याची त्यांना फिकीर नव्हती. डिंककाका नावाने बावीस वर्षं काढलेल्या माणसाला हसण्याचं काय! काळजी होती ती त्या ‘बरा आहे’ची. लेक बोलायला लागली होती ती या एका चुकीच्या शिवणीमुळे, आणि ती उसवली की दार पुन्हा बंद.

शनिवारी त्यांनी बायकोला सांगितलं. ती हसता हसता खाली बसली. मग डोळे पुसून म्हणाली, “आजच्या आज तिला सांगा. उद्या चारचौघांत कळलं तर ती तुम्हाला माफ करायची नाही.”

काका गेले. दारावर टकटक केली. आतून आवाज आला, “ये ना, बाबा.” दोन वर्षांत त्या दाराआडून ‘ये’ हा शब्द प्रथमच आला होता. काकांनी दार उघडलं, लेकीकडे पाहिलं आणि विचारलं, “चहा घेणार का?”

इतका भित्रा माणूस त्या कादंबऱ्यांत पहिल्याच पानावर मरतो.

रविवारी चाळीस खुर्च्या भरल्या. तिसऱ्या रांगेत लेक, मांडीवर वही. काका उभे राहिले, घसा खाकरला, लिहून आणलेलं भाषण उघडलं आणि पहिल्याच ओळीतल्या ‘प्रतिभा’ या शब्दापाशी अडकले. मग त्यांनी कागद घडी करून खिशात घातला, पिशवीतून दोन्ही पुस्तकं काढली, हिरवा दोरा सगळ्यांना दाखवला आणि झालं ते सांगून टाकलं. त्यावर हास्याचा असा स्फोट झाला की जिन्यावरचे लोक आत डोकावले. निवृत्त मुख्याध्यापक तेवढे हसले नाहीत. आणि लेक. ती उठली, टेबलावरची दोन्ही पुस्तकं उचलली आणि निघून गेली.

सोमवारी ‘हं’. मंगळवारी ‘हं’. भांडी काकांनी एकट्याने पुसली.

बुधवारी दुपारी जिन्याखालच्या खोलीचं दार अर्धं उघडलं आणि लेक आडवी होऊन आत आली. तिने दोन्ही पुस्तकं टेबलावर ठेवली.

“खरा शेवट वाचला,” ती म्हणाली. “घुमट फुटतच नाही. सतरा मोठी होते, मंडळात जाते आणि बाहेर काही नाही असं मुलांना शिकवते. भंगार आहे. तुझा बरा होता.”

“अगं, माझा कसला? ती चूक होती.”

“चूक बरी होती.” तिने दप्तरातून वही काढली. “हे मधलं आहे. एकशे ब्याण्णव आणि एकशे त्र्याण्णवच्या मधलं. रविवारी सभेत वाचणार होते, पण तू सगळ्यांना हसवत बसलास. हे मध्ये शिवता येईल?”

वाचनालयाच्या पुस्तकात बाहेरचं पान घालायला सक्त मनाई होती. ती पाटी काकांनीच भिंतीवर लावलेली होती, आणि ती त्या क्षणी लेकीच्या डोक्याच्या बरोबर वर होती. काकांनी वही हातात घेतली. बत्तीस पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली.

“कडा थोड्या कापाव्या लागतील,” ते म्हणाले.

“काप. अक्षर कापू नकोस. आणि बाबा, परीक्षण लिहायचं नाही.”

ती पुठ्ठ्यांच्या चळतीवर बसली. काकांनी एक चष्मा काढून दुसरा लावला आणि पहिल्या पानापासून क्रमाने वाचायला लागले. त्या खोलीत हे आजवर कधी घडलं नव्हतं.

अकराव्या पानावर त्यांना सतराचे वडील भेटले. ते वारलेले नव्हतेच; मंडळाने तसं कळवलं होतं, एवढंच. बावीस वर्षं ते घुमटाच्या आत उंच शिडीवर बसून काचेच्या भेगा बुजवत होते, हातात खळीचं भांडं घेऊन. खाली सगळे त्यांना चुकीच्या नावाने हाक मारत. एके दिवशी त्यांना खाली काचेला कान लावून उभी असलेली आपली मुलगी दिसते. त्यांच्यासमोर एक नवी भेग असते, खळ ताजी असते, ब्रश भिजलेला असतो. आणि ते ती भेग बुजवत नाहीत.

काकांना पुढचं दिसेना. त्यांनी चष्मा पुसला, पण बिघाड चष्म्यात नव्हता. बावन्न वर्षांचा माणूस लेकीसमोर चक्क रडत होता आणि त्याला त्याची लाजही वाटत नव्हती.

“काय झालं?” लेकीने विचारलं.

“वडील जिवंत आहेत.”

“मग? चौथ्या पानावर मारलं की दर महिन्याला तू रडगाणं लावतोस.”

काकांनी मान वर केली. “दर महिन्याला? म्हणजे तू सगळी वाचलीस?”

“हं,” ती म्हणाली.

हा पाचवा प्रकार होता. काकांनी खण उघडला. पांढऱ्या दोऱ्याची आख्खी रिळं होती. त्यांनी ती बाजूला सारली आणि हिरवा दोरा सुईत ओवायला घेतला.