दोन मनमाडवाले आणि एक नाशिककर

सोमवारी सकाळी वडाळा रोडवरच्या एका फ्लॅटमधला एअर प्युरिफायर फुल स्पीडला गेला आणि दुपारपर्यंत खाली आला नाही. तक्रार फोनवर आली. फोन केला होता घरातल्या वडिलांनी.

"बेटा, मशीन ओरडती."

"आवाज येतो का?"

"आवाज नाय. ओरडती. लय ओरडती."

मी एअर प्युरिफायरची सर्व्हिस इंजिनिअर आहे. ओझर ते सिन्नर माझा एरिया. अशा तक्रारीत दहापैकी आठ वेळा दोष सेन्सरचा असतो. मशीनच्या बाजूला एक बारीक भोक असतं. आत छोटा लेझर दिवा असतो. हवेतली धूळ त्या उजेडातून गेली की मशीन ती मोजतं आणि समोर आकडा दाखवतं. आकडा लहान असला की हवा चांगली. आकडा वाढला की पंखा आपोआप जोरात फिरतो. याला ऑटो मोड म्हणतात. भोकात धूळ बसली तर मशीनला सगळीकडे धूळच दिसते आणि पंखा थांबत नाही. कापसाच्या काडीने भोक पुसलं की काम होतं.

मी त्या घरी पोचले तेव्हा दार रऊफचाचांनी उघडलं. मनमाडला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, आता रिटायर. बायको वारल्यावर मुलगा इम्रान त्यांना नाशिकला घेऊन आला होता. इम्रान अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. चाचांना दोन वाक्यांनंतर खोकला यायचा. कोरडा, वरवरचा. प्युरिफायर त्यासाठीच घेतला होता.

मशीन शेवटच्या खोलीत होतं. त्या खोलीत पलंग होता, खुर्ची होती, जाळीची एक मोठी पेटी होती आणि कपाटावर तीन कबुतरं बसली होती.

"ही खोलीतच असतात?"

"मग कुठे जातील?"

मी भोक पुसलं. आकडा खाली आला. पाच मिनिटांनी पुन्हा वर गेला. मी बॅगेतला नवीन सेन्सर लावला. तेच झालं. मग मी खुर्चीवर बसले आणि नुसती बघत राहिले.

पंखा हळू होता तेव्हा कबुतरं शांत होती. एकाने पंख झटकले. उन्हाच्या पट्ट्यात पांढरी पावडर उडालेली दिसली. कबुतराच्या पिसांवर ही पावडर मुळातच असते. आकडा चढला, पंख्याने वेग घेतला. त्या आवाजाने बाकीची दोन दचकली आणि खोलीभर फडफडली. आणखी पावडर उडाली. आकडा आणखी चढला. पंखा फुल झाला. आता तिन्ही उडत होती.

"चाचा, मशीन कबुतरांना घाबरतंय आणि कबुतरं मशीनला."

ते हसले, मग खोकले. "सासू-सुनेचं असंच असतं बेटा. एक ओरडली की दुसरी ओरडती. आणि दोघींना वाटतं सुरुवात तिने केली."

मी ऑटो मोड बंद करून पंखा मधल्या वेगावर कायमचा ठेवला. आवाज एकसारखा झाला. काही वेळात कबुतरं कपाटावर परतली. मशीनची तक्रार संपली. जाण्याआधी मी नेहमीची पहिली सूचना दिली: मशीन चालू असताना खिडकी बंद ठेवायची.

"ती तर बंदच असती," चाचा म्हणाले. "उघडली की मनमाड."

मला समजलं नाही. मग त्यांनी ओळख करून दिली. काळा नर आणि भुरी मादी ही जोडी मनमाडची. चाचांच्या घराच्या गच्चीवर लाकडी ढाबळ होती, म्हणजे कबुतरांचं घर. ही जोडी त्यातच अंड्यातून निघालेली. घर शोधणारी जात. कुठेही सोडा, जिथे जन्मली त्या ढाबळीकडे परत जाते. मनमाडचं घर शेजारच्या सुरेशभाऊंनी विकत घेतलं. बाकीची कबुतरं चाचांनी वाटून टाकली. ही दोन मात्र टोपलीत घालून नाशिकला आणली. तेव्हापासून ती खोलीबाहेर गेली नव्हती.

तिसरं कबुतर या खोलीतच जन्मलं होतं. पलंगाखाली.

"याचं नाव नाशिककर," चाचा म्हणाले. "याला सोडला तरी इथेच येतो. गोल चक्कर मारतो, पाण्याच्या टाकीवर बसतो, संध्याकाळी खिडकीत हजर. याला मनमाड माहीतच नाय."

नाशिककरला बाहेर सोडायचं असलं की आधी त्या दोघांना जाळीच्या पेटीत घालावं लागे. मग खिडकी उघडायची. पेटीतली दोघं त्या वेळी एकाच कोपऱ्यात जाऊन बसत, असं चाचांनी सांगितलं. कोपरा नेहमी तोच. मनमाडच्या बाजूचा.

पंधरा दिवसांनी इम्रानचा फोन आला. छातीच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या होत्या. खोकल्याचं कारण कबुतरं होती. पिसांची पावडर आणि वाळलेली विष्ठा श्वासातून आत जाते, काही लोकांची फुप्फुसं ती सहन करत नाहीत, सूज येते. आत्ता थांबलं तर सूज उतरेल. नाही थांबलं तर फुप्फुसावर कायमचे व्रण पडतील आणि मग औषधाचा उपयोग नाही. कबुतरं घरातून गेली पाहिजेत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"मॅडम, यापेक्षा मोठं मशीन येतं का? अब्बा ऐकत नाहीयेत. मोठ्या मशीनने जमत असेल तर मी आजच घेतो."

मी ऑफिसात बोरसे सरांना विचारलं. ते आमचे एरिया मॅनेजर.

"किती कबुतरं?"

"तीन."

"मग दोन मशीन दे. विषय संपव."

"सर, धूळ बाहेरून येत नाहीये. सोर्स खोलीतच बसलाय."

"निकम, सोर्स सगळ्यांच्याच घरात असतो. सोर्स नसता तर तू आणि मी कॉलेज रोडला मिसळ विकत असतो."

"पेशंट आहे सर."

"मग मोजून ये. पण जे दिसेल तेच सांग. डॉक्टर होऊ नको."

मी डेमोचं सगळ्यात मोठं मशीन घेऊन गेले. ते जुन्या मशीनच्या समोरच्या भिंतीला लावलं. दोन्ही काही दिवस एकाच वेळी चालवली. आकड्यांची नोंद मशीन ठेवतं, बाकीचं चाचा सांगत. रात्री कबुतरं झोपली की आकडा हिरव्यात यायचा. सकाळी पहिले पंख झटकले की लाल. दाणे टाकले की आणखी वर. पुन्हा खाली यायला अर्धा तास. तोवर कुणीतरी पुन्हा पंख झटकलेले. मधला सगळा वेळ चाचा त्या खोलीत, खुर्चीवर.

प्युरिफायर घडीच्या कागदासारख्या दाट फिल्टरमधून हवा ओढतो. धूळ फिल्टरपर्यंत पोचली की अडकते. पण फिल्टर आणि कबुतर यांच्या मध्ये माणूस बसला असेल तर धूळ आधी त्याच्याकडे पोचते. मोठ्या मशीनने यात फरक पडत नाही.

शनिवारी इम्रान घरी होता. मी आकडे सांगायला बसले. चाचा पलंगावर होते, नाशिककर त्यांच्या गुडघ्यावर.

"अब्बा, डॉक्टरने बोला है ना," इम्रान म्हणाला.

"डॉक्टरने मशीन देखा क्या?" मग ते माझ्याकडे वळले. "मशीनवाली तू हायेस. तू सांग. जमतं का?"

खोलीत दोन्ही मशीनचा आवाज होता.

"नाही जमत चाचा. कमी होईल. बंद होणार नाही. डॉक्टरांना बंद हवं आहे."

"आणखी एक लावलं तर?"

"तरी नाही."

त्यांनी नाशिककरच्या मानेवरून बोट फिरवलं. "वर्कशॉपमध्ये आम्ही पण हेच सांगायचो. ब्रेक धरत नाय तर नाय. साहेबाने वरून रंग मारायला सांगितला म्हणून धरत नाय." मग इम्रानला म्हणाले, "सुरेशला फोन लाव. ढाबळ हाय का मोडली विचार."

ढाबळ होती. सुरेशभाऊंनी त्यात जुन्या कुंड्या ठेवल्या होत्या. त्या बाहेर काढतो म्हणाले.

पुढच्या रविवारी सकाळी डेमोचं मशीन परत न्यायला मी गेले. चाचांनी त्याच दिवशी जोडी सोडायचं ठरवलं होतं. त्यांनी मला दोन्ही मशीन बंद करायला सांगितली.

"आवाजाने दचकून जायला नको. शांतीत जाऊ दे."

मी मशीन बंद केली. त्यांनी खिडकी उघडली. काळा खिडकीच्या कठड्यावर जाऊन बसला. मान इकडे-तिकडे केली. बराच वेळ हलला नाही. मग उडाला. भुरी लगेच मागे गेली. दोघांनी सोसायटीवर दोन चकरा घेतल्या. तिसरी चक्कर पूर्ण केली नाही. चांदवडच्या, म्हणजे मनमाडच्याच दिशेला सरळ निघाली. पाण्याच्या टाकीपलीकडे दिसेनाशी झाली.

"रस्ता विसरली नायत," चाचा म्हणाले.

इम्रानने खिडकी लावली.

"माझी पण दिशा तीच हाय बेटा," ते मला म्हणाले. "पण माझी ढाबळ विकली."

त्या दिवशी मनमाडहून फोन आला नाही. चाचांनी मोबाइल हातातून खाली ठेवला नाही, असं इम्रानने नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरेशभाऊंचा फोन आला.

"बसलेत दोघं. कुंड्यांच्या जागेवर. काळा माझ्यावर असा डोळे वटारतोय जसा भाडं मागायला आलाय."

नाशिककरला सोडून उपयोग नव्हता. इम्रान त्याला टोपलीत घालून रेल्वेने मनमाडला घेऊन गेला. आईबापांसोबत ढाबळीत ठेवला. सुरेशभाऊंनी आठवडाभर ढाबळ बंद ठेवली, जागा ओळखीची व्हावी म्हणून. मग उघडली. जोडी गच्चीवर चक्कर मारून परत आली. नाशिककर आला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो वडाळा रोडच्या फ्लॅटच्या खिडकीबाहेर, एसीच्या आउटडोअर युनिटवर बसलेला होता.

इम्रानने त्याला पुन्हा नेला. तो पुन्हा आला.

तिसऱ्या वेळी सुरेशभाऊंनीच नको म्हटलं. "चाचा, त्याला टोपलीतच म्हातारा करता का? त्याचं घर तिकडे आहे. आपलं काय चालणार?"

डॉक्टरांनी खिडकीत दाणे टाकायलाही मनाई केली होती. खालच्या वॉचमनने सायकल स्टँडमागे दाणे टाकायची तयारी दाखवली. नाशिककर दाणे तिथे खातो. रात्री टाकीखाली असतो. संध्याकाळी आउटडोअर युनिटवर येतो.

नवीन घरी गेले की मी आधी खोलीचं माप विचारायचे. आता आधी घरात कोण कोण राहतं ते विचारते. पाळलेली जनावरं, पक्षी, सगळं. बोरसे सर म्हणतात, यात वेळ जातो. जातो. पण बऱ्याचदा मशीन निवडायचा प्रश्न तिथेच सुटतो, आणि कधी कधी मशीन विकायचाच प्रश्न राहत नाही.

गेल्या आठवड्यात त्या फ्लॅटची ठरलेली सर्व्हिस होती. दुपार उतरली होती. खोली धुऊन रंगवलेली. जाळीची पेटी नव्हती. चाचा दार उघडून माझ्याशी बोलत आत आले. मध्ये एकदाच खोकले. डॉक्टरांनी एक गोळी कमी केल्याचं त्यांनी सांगितलं.

मी फिल्टर काढला. पुढच्या जाळीत साधी घरातली धूळ होती. पीस नव्हतं. भोक पुसलं. मशीन चालू केलं, ऑटो मोडवर. पंखा हळू फिरत राहिला.

चाचांची खुर्ची आता खिडकीला लावलेली होती. नाशिककर बाहेर युनिटवर बसला होता. चाचांनी अंगठीने काचेवर टक् केलं. त्याने मान वळवली.

"खिडकी उघडता का कधी?"

"नाय."

"थोडीसुद्धा?"

"तूच तर सांगितलं होतंस बेटा. मशीन चालू असताना बंद ठेवायची."

"मशीन दिवसभर चालू असतं?"

"चोवीस तास."

मी आकडा बघितला. नऊ. हिरवा. खिडकीची कडी लावलेली होती. काच आतून पुसलेली होती. बाहेरच्या बाजूला, चाचांच्या डोक्याच्या उंचीवर, पांढऱ्या पावडरीत एका पंखाचा ठसा होता.