कार्डावरचा फोटो

हॉस्टेलच्या मुली पाठीमागे मला जेलर म्हणायच्या आणि मला त्याचा रागच येत नसे, उलट बरं वाटायचं. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते. बिलोली, नायगाव, देवणीकडून आईबाप सोळा वर्षांची लेक पेटीसकट माझ्या दारात आणून सोडायचे आणि म्हणायचे, "मॅडम, आता तुमच्या हवाली." क्लासच्या सरांनासुद्धा मी पायरीखाली उभं करूनच बोलायचे.

ही सवय मला भूकंपानं लावली. तेव्हा मी दहावीत होते. गाव पडलं आणि आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो. मदतीच्या गाड्यांतून कोण कुठला माणूस उतरतो ते कळायचं नाही, म्हणून आई आम्हा बहिणींना बजावायची, परक्याबरोबर पाऊल टाकायचं नाही. आपल्या माणसाबद्दल ती काही बोलली नाही. तिलाही कुणी सांगितलं नसणार.

रेक्टर झाल्यावर मी पालककार्ड काढलं. त्यावर घरच्या दोन माणसांचे फोटो आणि खाली वडिलांची सही. फोटोतला माणूस आला तरच मुलगी सुट्टीला बाहेर पडणार. एकीच्या सख्ख्या मावशीला, कार्डावर फोटो नाही म्हणून, मी भर उन्हात परत पाठवलं होतं. ते चार लोकांत मिरवलंही होतं.

बिलोलीकडच्या खेड्यातली अकरावीची एक मुलगी माझ्याकडे होती. वडिलांना शेतीतून सवड नसायची, आई कधी एकटी एसटीत बसलेली नव्हती. त्यामुळे कार्डावर एक फोटो वडिलांचा आणि दुसरा नांदेडला राहणाऱ्या चुलत्याचा. न्यायला तोच यायचा. आधी त्याच्या घरी मुक्काम, मग दुसऱ्या दिवशी गाव. मला वाकून नमस्कार करायचा, सगळ्या मुलींना पुरेल एवढा चिवडा आणायचा. मी म्हणायचे, "बघा गं, काका असावा तर असा." तिच्यासमोर म्हणायचे. आठवलं की आजही स्वतःची लाज वाटते.

दिवाळीच्या आधी ती ऑफिसात आली.

"मॅडम, कार्डावरचा काकांचा फोटो काढता येतो का?"

"का गं?"

"आईचा लावायचाय."

"वडिलांचा अर्ज आण. आणि आई येणार हाय का न्यायला? लातूर कुठल्या अंगाला हाय ते तरी ठाऊक हाय का तिला?"

तिथं बसलेल्या दोघीतिघी हसल्या. तीही जराशी हसली आणि गेली. दोन दिवसांनी चुलता आला. मी फोटो ताडून पाहिला, सही घेतली आणि तिला त्याच्याबरोबर लावून दिलं. नियम अगदी चोख पाळला.

संक्रांतीला तो पुन्हा आला. ती बॅग घेऊन खाली आली आणि दारातच थांबली. "मी न्हाई जात," म्हणाली. चुलता हसला, "लई लाडात आलीय." मीही चिडले आणि नखरे पुरे म्हणाले. तिनं त्याच्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं आणि तिथंच पायरीवर तिला उलटी झाली. तेव्हा कुठं माझं डोकं ठिकाणावर आलं. पोरीला बरं नाही असं सांगून मी त्याला वाटेला लावलं.

माझ्या खोलीत ती बोलली. सगळं नाही, पण कळायचं ते कळलं. सातवीपासून चाललं होतं. आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "मग आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं की मॅडम. फोटो काढा म्हनलं होतं."

हॉस्टेलचे मालक म्हणाले, घरातलं प्रकरण आहे, घरातच मिटू द्या, उगाच आपलं नाव खराब होईल. त्यांच्याशी मी कडाकडा भांडले. पण पुढं काय करायचं ते मलाही माहीत नव्हतं. शेवटी मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला. साध्या साडीत एक महिला पोलीस आल्या, सोबत एक समुपदेशक ताई. त्या ताईंनी तिला जवळ बसवून सांगितलं, "तू म्हणतेस ते खरं आहे. यात तुझी काही चूक नाही." हे मी म्हणायला हवं होतं. मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या की तिला पुन्हा पुन्हा विचारू नका.

तिची आई शेजारणीला घेऊन आली. बराच वेळ लेकीला पोटाशी धरून बसली. मग मला म्हणाली, "बाई, नुसता निरोप धाडला असता तरी मी आले असते. चालत आले असते."

वडिलांना भावाविरुद्ध उभं राहायला वेळ लागला, पण राहिले. केस चालली. मुलगी ताईंकडे जात राहिली, बारावीही झाली. काही दिवस हसायची, काही दिवस अंथरुणातून उठायचीच नाही.

त्या संक्रांतीनंतरच्या जूनपासूनच मी प्रत्येकीला एकटीला बोलवायला लागले, आईबाप बाहेर बसवून. कारण सांगू नकोस, फक्त सांग, कुणाबरोबर तुला पाठवायचं नाही? जुन्या मुलींनाही विचारलं. बहुतेकजणी गोंधळून हसल्या. दोघींनी मात्र नातं सांगितलं. त्यातल्या एकीचं माझ्याकडचं ते दुसरं वर्ष होतं. पहिलं वर्षभर मी तिला त्याच माणसाबरोबर पाठवत होते.