दीड बोटाची हरिणी

तुमच्याकडे इतके किस्से साठतात तरी कसे, असं मित्र विचारतात. अहो, सुट्टीच्या दिवशी हरणांचे पुठ्ठे बघत हिंडणाऱ्या माणसांकडे दुसरं साठणार काय!

मी कुंभकोणमला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. सुट्टी मिळाली की सुंदरम् सरांच्या जीपमधून कोळ्ळिडम नदीकाठच्या रानात जातो. सर म्हणजे माझे रिटायर झालेले गुरू. तिसरी सेल्वी, जनावरांची डॉक्टर. काम एकच: चितळांच्या अंगावर किती चरबी उरली आहे, ते लांबून ओळखायचं. एक म्हणजे नुसता सापळा, पाच म्हणजे लठ्ठ. बोललं की हरणं पळतात, म्हणून तिघांनी एकदम बोटं दाखवायची. अर्धा मार्क असेल तर बोट वाकवायचं.

* * *

पहिल्याच दिवशी सेल्वीनं एका मादीला चार बोटं दाखवली. आमची दोन. तिचं म्हणणं, केवढं गोल पोट आहे! सरांनी तिला समजावलं, "पोट सकाळच्या चाऱ्यानं भरतं. पुठ्ठा बघ, कणा बघ. खरी शिल्लक तिथे असते."

आता सर जेवून पोटावरून हात फिरवायला लागले की सेल्वी म्हणते, "याला मार्क नाहीत, सर."

* * *

सवय वाईट. चुलतभावाच्या लग्नात मी उभ्याउभ्या पाहुण्यांना पाठीमागून मार्क देत होतो. बायकोनं माझी बोटं पाहिली आणि सणसणीत चिमटा काढला. आत्यानं मात्र सगळं नीट विचारून घेतलं आणि स्वतःचे मार्क मागितले. मी खरं ते सांगितलं, पाच. आत्या हॉलभर सांगत सुटली, "मला पाचात पाच मिळाले!"

त्या आनंदात तिनं आम्हा तिघांचा डबा सुरू केला, तो आजही चालू आहे. तिचे उपकार फिटायचे नाहीत.

* * *

यंदाचा उन्हाळा मात्र थट्टेचा नव्हता. रानातलं तळं आटलं. एक नर मेलेला सापडला. सेल्वीनं त्याच्या मांडीचं हाड फोडलं. आतला मगज तुपासारखा पांढरा आणि घट्ट हवा. तो लाल, पाणचट निघाला. अंगातली शेवटची चरबीही त्यानं वापरून टाकली होती.

त्याच कळपात फाटक्या कानाची एक गाभण मादी होती. तिघांची बोटं सारखीच पडली, दीड. एवढ्या शिलकीवर ती वाचेल की पिल्लू, हाच प्रश्न होता. सरांनी ओळखीपाळखी काढून रानातल्या हौदात टँकरनं पाणी भरवून घेतलं. सेल्वी तिला नाव द्यायला निघाली, तर सर खेकसले, "नाव द्यायचं नाही. नाव दिलं की मार्क वाढतात."

* * *

त्याच सुमारास मेहुणीला घेऊन आम्ही तिरुक्करुगावूरला गेलो. ती पोटुशी होती. तिथल्या देवीकडे बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून अर्चना करतात, पोटाला लावायला एरंडेल देतात. बघतो तर रांगेत सुंदरम् सर! जन्मभर लग्न न केलेला माणूस, एकटाच. पुजाऱ्यानं गर्भिणीचं नाव आणि नक्षत्र विचारलं.

सर म्हणाले, "नाव दिलेलं नाही."

पुजाऱ्यानं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि नावाशिवाय अर्चना केली. भला माणूस.

पुढच्या खेपेला जीपमध्ये एरंडेलाची बाटली होती. हे लावणार कोणाला, असं सेल्वीनं विचारलं. सरांनी दाराच्या बिजागऱ्यांना लागतं म्हणून सांगितलं. त्या बिजागऱ्या अजून करकरतात.

* * *

एका सकाळी हौदाशी फाटका कान दिसला. मागोमाग लटपटत्या पायांचं पाडस. माझे डोळे भरून आले, सांगायला लाज कसली! देवी, तो पुजारी, टँकरवाला, सगळ्यांचे मनातल्या मनात आभार मानले. मादी उभी राहून पाजत होती. फासळी न् फासळी दिसत होती, खुब्याची हाडं वर आली होती.

सरांनी खूण केली. मी एक बोट सरळ धरलं, दुसरं वाकवलं. सेल्वीनंही तसंच.

सरांचा हात वर होता. पाची बोटं ताठ.

सेल्वीनं हळूच विचारलं, "सर, नाव काय दिलंत?"