कोण गेलं?

पंचवीस वर्षं झाली, राग अजून गेला नाही. रंगपंचमीचे ढोल ऐकायला मी एकटीच नाशिकला गेले. लॉजवाल्यानं तोंडावर सांगितलं, "एकट्या बाईला खोली देत नाही." तणतणत रामकुंडावर जाऊन बसले, तर येणारा-जाणारा विचारी, "कोण गेलं?"

शेजारी एक म्हातारी फुलवाली झेंडूच्या माळा ओवत होती. पुलापलीकडच्या ढोलावर तिच्या पायाचा अंगठा ठेका धरायचा आणि कुणी बघितलं की ती पाय लुगड्याखाली ओढून घ्यायची. तिनंही विचारलं, "कोन गेलं, पोरी?"

"कोणी नाही," मी खेकसले. "ढोल ऐकायला आलेय, आणि खोली मिळत नाहीये."

दातानं दोरा तोडत ती म्हणाली, "असं खरं सांगितल्यावर कोन देईन? आईच्या अस्थी आनल्या म्हन."

तसंच म्हणाले. त्याच लॉजवाल्यानं हातातली बॅग घेतली, रस्त्याकडची खोली उघडली, वर चहा पाठवला. माझी धडधाकट आई मेली, तेव्हा कुठे मला ढोल ऐकायला खिडकी मिळाली.

फुलवालीला तो पूल ओलांडायला कुणाला मरावं लागलं असतं, कोण जाणे.